अप्पा, मी सत्राला जातो

त्या फटफटीचा सायलेन्सर माझ्या पोटरीपासून चार बोटांवर होता आणि फटफटीचा मालक ब्रह्मपुत्रेकडे तोंड करून असा उभा होता, की जणू नदी त्यानंच आणून सोडली होती.

निमाती घाटावरून माजुली बेटाकडं निघालेली ती सकाळची बोट. जानेवारीचं धुकं इतकं दाट, की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. बोटीत बांबूच्या करंड्या, कोंबड्या, भाताची पोती, दोन जीपगाड्या, आणि मधल्या फटीत मी. हलायला जागा नव्हती. पण एक गोष्ट बरी होती… इथं माझी भाषा कुणाला कळणार? म्हणून मी मोकळ्या गळ्यानं म्हणाले, "जरा सरकव की रं ती गाडी! बापाची बोट असल्यागत उभारलाय. न्हायतर असं कर, तू बस पसरून, मी पाण्यात बसतो."

त्यानं मान वळवली नाही.

"बापाची न्हाय, सरकारची हाय," तो नदीला सांगितल्यासारखं म्हणाला. "आन् पाण्यात बसू नका. लई गार हाय."

माझं तोंड उघडं ते उघडंच. मग तो वळला. सावळा, उंच, डोक्याला माकडटोपी आणि डोळ्यांत हसू दाबून ठेवलेलं. त्यानं गाडी वीतभर पलीकडं ओढली.

"कोल्हापुरात गाव कंचं?"

"कोल्हापूरच कशावरनं?"

"पोरगी असून 'बसतो' म्हनालासा. पुण्याची असती तर 'बसते' म्हनाली असती. आन् आधी सॉरी म्हनाली असती."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडं बाया 'जातो, येतो, करतो' असंच बोलतात. वर्गात आणि कागदावर मी 'जाते' असते, तोंड सैल सुटलं की 'जातो'. "कुरुंदवाड," मी म्हणाले. "शिवलीला. भूगोल शिकवतो ज्युनियर कॉलेजात."

"कृष्णात. कोडोली. जनावरांचा डॉक्टर."

कोडोलीचा जनावरांचा डॉक्टर ब्रह्मपुत्रेत काय करत होता? तर बेटावरच्या बायका मिळून एक दूध संस्था काढत होत्या, त्यांना गाई-म्हशींचं शिकवायला तो सहा महिन्यांसाठी आला होता. मार्चपर्यंत मुक्काम.

"आन् तुमी? एकट्याच फिरायला?"

"मी… सत्राला आलोय."

तो माझ्याकडं बघतच राहिला. माजुलीत वैष्णव मठांना सत्र म्हणतात. नामकीर्तनाचं नामघर, तळी, भक्तांच्या खोल्यांच्या रांगा, असे कितीतरी मठ त्या बेटावर आहेत. "मग सगळीच सत्राला येत्यात की. लाजायचं काय त्यात?"

तेव्हा मला सांगावंच लागलं. पाच वर्षं मी मुलांना एक वाक्य शिकवत होते, 'माजुली हे जगातलं नदीतलं सर्वांत मोठं बेट मानलं जातं.' ते वाक्य मला डोळ्यांनी बघायचं होतं. पण सत्तावीस वर्षांची बिनलग्नाची पोरगी एकटी आसामला जाते म्हटल्यावर आमच्या अप्पांनी दाराला कडीच लावली असती. म्हणून मी म्हणाले, 'अप्पा, मी सत्राला जातो. आठ दिवस.' अप्पांना वाटलं, शिक्षकांचं प्रशिक्षण सत्र. त्यांनी स्वतः मला पुण्याच्या गाडीला सोडलं (तिथून पुढं विमान), आणि वर 'वेळेवर हजर राहा' असंही बजावलं. मी ध चा मा केला नव्हता. ध तसाच ठेवला होता, अप्पांनी त्याचा मा वाचला.

कृष्णात इतका हसला, की शेजारची कोंबडी दचकली. "हितं सत्राला 'खत्र' म्हनत्यात. घरात तसं बोलला असतासा तर खतरा समजून सोडलं नसतं." मग डोळे पुसत म्हणाला, "पर एवढं एका वाक्यासाठी?"

"एका वाक्यासाठी," मी म्हणाले. दुसरं कारण सांगितलं नाही. अजून ओळखच किती होती!

पण दुसरं कारण होतं. परत गेल्यावर रविवारी गडहिंग्लजहून रुद्रेशची माणसं सुपारी फोडायला येणार होती. रुद्रेश आमच्याच समाजाचा, मोठं दुकान, स्वभावानं गरीब. त्याच्यात वाईट काहीच नव्हतं. वाईट इतकंच होतं, की 'हो' सगळ्यांनी म्हटलं होतं आणि मला कुणी विचारलंच नव्हतं. मला आठ दिवस स्वतःचे हवे होते. घोडामैदान पुढं होतंच.

मी एका मिसिंग बाईच्या घरी उतरले होते. मिसिंग ही नदीकाठची आदिवासी जमात. त्यांची घरं बांबूच्या खांबांवर पुरुषभर उंच, खाली हातमाग, शेजारी डुकरं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडीवरून उतरते तर खाली कृष्णात. मालकिणीच्या गाईला सुई टोचायला आला होता म्हणे.

"कालच टोचून गेलाय असं मालकीण म्हणती," मी म्हणाले. खुणांची भाषा मला एका रात्रीत यायला लागली होती.

"बुस्टर डोस," तो म्हणाला. आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

मग रोजच कुठली ना कुठली गाय माझ्या वाटेवर आजारी पडायला लागली. त्याच्या गाडीवरून आम्ही मोहरीच्या पिवळ्या शेतांमधून जायचो. वारा अंगाला झोंबायचा. मी मधे बॅग ठेवायचे, आणि खड्डा आला की ती बॅग… असो. मठात गेलं की म्हातारे भक्त त्याचं नाव विचारायचे. "कृष्णात" म्हटलं की त्यांचे चेहरे उजळायचे. कृष्णाच्या बेटावर कृष्ण नावाचा डॉक्टर! त्याला दुप्पट प्रसाद. माझं नाव ऐकून ते नुसते गोड हसायचे.

"शिवलीला म्हनल्यावर हितं तुमाला मोड आलेलं चार मूगच मिळनार," तो ओंजळ माझ्यापुढं करत म्हणाला. "घ्या. माझ्यातलं अर्धं."

"उपकार नकोत."

"उपकार न्हाईत ओ. वाटा हाय."

वाटा… तो शब्द मी दिवसभर घोळवत बसले.

मुखवटे बनवणाऱ्या मठात बांबूच्या सांगाड्यावर कापड, माती आणि शेण लिंपत होते. कृष्णातनं शेण बोटावर घेऊन बघितलं आणि गंभीरपणे निकाल दिला, "जनावर निरोगी हाय." तिथल्या कारागिरानं माझ्या डोक्यावर एका राक्षसिणीचा मुखवटा चढवला. लाल जीभ, सुपाएवढे कान.

"हां, आता वळख पटली," कृष्णात म्हणाला. "बोटीत हीच बोलत हुती."

मी मुखवट्यातूनच त्याच्या पायावर पाय दिला. आत अंधार होता, ओल्या मातीचा वास होता, आणि मी एकटीच हसत होते. मुखवटा काढला तर तो हसत नव्हता. बघत होता नुसता. मी आधी नजर काढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात फोन वाजला. अव्वा, म्हणजे कानडी वळणानं आमची आई, व्हिडिओवर. मागं नामघरात खोल, म्हणजे तिकडचे मृदंग, वाजत होते, टाळ झडत होते.

"लीला, सत्र चालू हाय न्हवं? अगं, हे टाळ कसलं वाजाल्यात?"

"सत्रात टाळ वाजवत्यात अव्वा," मी म्हणाले. एक अक्षर खोटं नाही.

मागून अप्पांचा आवाज आला, "नवीन शैक्षणिक धोरण असंल गं! शिवलीला, सर्टिफिकेट घिऊन ये. गडहिंग्लजकरांना दाखवायचं हाय. रविवारी दहाला येत्यात, सुपारी फोडूनच जानार."

फोन बंद झाला. कृष्णात खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. बूट बिननाडीचा होता.

"सुपारी," तो म्हणाला.

"व्हय."

"मग… अभिनंदन म्हनायचं का?"

"म्हणून तर बघा!"

त्यानं म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बेटावरची सगळी जनावरं एकदम ठणठणीत झाली. तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी एकटीच मठ बघितले, एकटीच मूग खाल्ले, ते गोड लागले नाहीत. माझा मलाच राग येत होता. एका कोडोलीकरानं दोन दिवस तोंड दाखवलं नाही, तर एवढं मोठं बेट रिकामं व्हावं?

शेवटी मीच चालत त्याच्या दवाखान्यावर गेले. पत्र्याची एक खोली, बाहेर शेळ्या. मला बघून त्याच्या हातातलं थर्मामीटर खाली पडलं.

"दोन दिवस कुठं मेलातासा?"

"कामं हुती…"

"खोटं बोलू नगो." 'नका' म्हणायचं होतं, 'नगो' निघालं. तुम्हीचं तू झालं ते असं, शेळ्यांच्या साक्षीनं.

तो मला नदीच्या कडेला घेऊन गेला. काठाची जमीन चिरली होती. आमच्यासमोर पलंगाएवढा मातीचा तुकडा सुटला आणि आवाज करत पाण्यात गेला. हे बेट असंच दरसाल थोडं थोडं नदीत जातं. माझ्या मालकिणीनं आतापर्यंत चार वेळा घर सोडवून, बांबू मोजून, मागं नेऊन परत बांधलंय. बेट सोडायचं मात्र नाव नाही.

"हे बघ," तो पाण्याकडं बघत म्हणाला, "तुमी लिंगायत. गळ्यात लिंग, घरात कांदा चिरताना बी इचार करणारी माणसं. आमी कोडोलीचं मराठं. रविवारी तांबडा-पांढरा झाल्याशिवाय आमच्यात सूर्य मावळत न्हाय. तुझा बाप मला उंबऱ्यात तरी घील का? आन् मी… पळवून नेनाऱ्यातला न्हाय. मला तसलं जमत न्हाय."

"पळतंय कोण?" मी म्हणाले. "मी काय शेळी हाय? मी घरातच राहणार. समोर बसून सांगणार. तू आधी हे सांग, की सांगण्यासारखं काय हाय का न्हाय?"

त्यानं एक ढेकूळ उचलून पाण्यात टाकलं.

"कृष्णात!"

"हाय," तो म्हणाला. मग मोठ्यानं, अस्सल कोडोलीच्या आवाजात, पलीकडच्या काठालाही ऐकू जावं असं, "हाय की! बोटीत पाण्यात बसतो म्हनालीस न्हवं, तवापासनं हाय! येतो मी कुरुंदवाडला. तुझ्या अप्पांना मी इचारतो—"

"तू न्हाय. आधी मी सांगणार. मी काय दुकानातली वस्तू हाय, तू येऊन मागायला?"

तो बघत राहिला. मग हळूच माझा हात धरला. हाताला औषधाचा वास होता. मला तो वास तेव्हापासून आवडतो, आणि यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

रविवारी दहा म्हणजे दहाला गडहिंग्लजकर आले. सहा माणसं. आमचे अप्पा, बसाप्पा, कुरुंदवाडात बी-बियाण्यांचं दुकान चालवतात. त्यांचा आवाज एरवीही मोठा, त्या दिवशी तर विचारू नका. बैठकीत पोहे फिरले. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात पदर सावरून उभी. रुद्रेश ताटलीतले शेंगदाणे मोजत असावा तसा खाली बघून बसला होता.

त्याच्या काकांनी कौतुकानं विचारलं, "मॅडम सत्राला गेलत्या म्हनं. कसलं सत्र हुतं?"

अप्पांचं तोंड अभिमानानं फुललं. मला उत्तर तयार होतं, 'छान झालं.' दोन शब्द. एक अक्षर खोटं नाही. ते म्हटलं असतं तर सुंठीवाचून खोकला गेला असता, निदान त्या मिनिटापुरता. आणि मला स्वतःचीच लाज वाटली. एका शब्दाच्या आडोशाला मी आठ दिवस लपले होते, आणि त्यालाच बंड समजत होते.

"मठ हुता काका," मी म्हणाले. "आसामात मठाला सत्र म्हणत्यात. कॉलेजचं काय नव्हतं. मला ते बेट बघायचं हुतं, म्हणून मी एकटी गेलो. अप्पांना तसं कळू दिलं न्हाय, ही माझी चूक. आता लपवत न्हाय. तिथं मला कोडोलीचा एक माणूस भेटला. कृष्णात. मराठा हाय, जनावरांचा डॉक्टर हाय. मी लग्न करणार तर त्याच्याशी."

काकांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. अप्पांच्या मानेची शीर फुगली. "शिवलीला, आत जा!"

"न्हाय अप्पा. हितंच बसतो."

आणि तेव्हा रुद्रेशनं मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "बरं केलासा, सांगितलासा ते," तो म्हणाला. मग काकांकडं वळून हळूच, "मला बी कुणी इचारलं न्हवतं, काका."

सुपारी न फुटता माणसं गेली. अप्पांनी बोलणं टाकलं. "ह्या घरात राहायचं असंल तर त्याचं नाव काढायचं न्हाय," एवढं एकदाच म्हणाले. मी त्याच घरात राहिले. रोज सकाळी त्यांच्यासमोर चहा घेऊन बसायचे, ते पेपर वर धरायचे, मी पेपरला सांगायचे, "अप्पा, कृष्णातचा फोन आलता. मार्चात परत येतोय." पेपर हलायचा. खाली मात्र कधी आला नाही.

मार्चात तो आला. आधी सांगून, भर दुपारी, पुढच्या दारानं. अप्पांनी त्याला बस म्हटलं नाही. एकच प्रश्न विचारला, "मटण खाता?"

"खातो," कृष्णात म्हणाला.

"न्हाय म्हनायचं तरी!"

"न्हाय म्हनलं असतं तर हो म्हनला असतासा का?"

"न्हाय."

"मग खोटं तरी कशाला बोलू?"

अप्पा आत निघून गेले. अव्वानं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. तो त्यानं सगळा पिऊन टाकला.

कोल्हापूरच्या विवाह नोंदणी कार्यालयात आम्ही नोटीस दिली. दोघांची नावं, गावं, पत्ते, तीस दिवस फलकावर. मी त्याची एक प्रत आणून अप्पांच्या पेपरशेजारी ठेवली. "सोमवार, अकरा वाजता," मी म्हणाले. "या, न्हायतर येऊ नका. पर मी चोरून करत न्हाय, एवढं ध्यानात ठेवा."

त्यांनी पेपर तोंडापुढं धरला.

त्या सोमवारी मी हिरवी इरकल नेसले. कृष्णातच्या शर्टाला इस्त्री इतकी कडक, की तो वाकायला घाबरत होता. तीन साक्षीदार लागतात. माझी कॉलेजातली मैत्रीण संयोगिता आली होती, त्याचा मित्र धैर्यशील आला होता. तिसरा, कृष्णातचा चुलतभाऊ. त्याचा सव्वाअकराला फोन आला, वाठारला गाडी बंद पडलीय, तासभर लागेल. साहेबांना साडेअकराला मीटिंगला जायचं होतं. कारकून घड्याळ बघत, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तिसरं कोण न्हाय का? न्हायतर उद्या या."

उद्या! तीस दिवस मान ताठ ठेवून काढले, आणि आता आणखी एक 'उद्या'. कृष्णात बाहेर कुणीतरी ओळखीचं मिळतंय का बघायला धावला, आणि दारातच थांबला.

जिन्यावरून अव्वा येत होती. एकटी. हातात गजरा, कपाळाला घाम. तिला मी आयुष्यात कधी एसटीत एकटी बसलेली बघितली नव्हती.

"अव्वा… अप्पा?"

"खाली हायत. रिक्षाजवळ उभारल्यात. वर यायचं न्हाय म्हनत्यात." तिनं दम घेतला. "मी म्हनलं, उभारा तर मग."

ती सरळ टेबलापाशी गेली. "तिसरं कोण पायजे म्हनालासा?"

कारकुनानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. "मावशी, आधार कार्ड द्या. अंगठा हितं."

"अंगठा कशाला?" अव्वा म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की आतले साहेब बाहेर बघायला लागले. "सही येती मला. घरात आजपावतर कुणी मागितली न्हाय म्हनून काय झालं!"

तिनं पेन घेतलं. सावकाश, एकेक वळण जपत, कानडीत, गंगव्वा.

"मराठीत न्हाय का जमणार?" कारकुनानं विचारलं.

"मला जी येती ती केलो. चालत न्हाय का?"

"चालतं की," तो म्हणाला.

अव्वानं पेन माझ्या हातात दिलं. "आता तू कर," ती म्हणाली. "आन् नीट अक्षर काढ. खाली जाऊन तुझ्या अप्पांना दाखवनार हाय मी."